मागचं पान

"पुस्तकं जड होतात गो. ही पानं ने. दर शनिवारी पोरीकडून एक वाचून घे. मोठ्यानं. मनातल्या मनात नाय."

चार वर्षांपूर्वी विमानतळावर रत्नप्रभाबाईंनी जुन्या दिनदर्शिकांची सुतळीने बांधलेली गुंडाळी सुनेच्या हातात दिली होती. श्रुतिका "हो आई" म्हणाली, आणि रॉटरडॅमला जाऊन तिने ते पाळलंही. शनिवारी कपडे वाळत घातले, की मायलेकी खिडकीशी बसत. पानाच्या पुढच्या बाजूला संपून गेलेल्या तारखा, मागच्या बाजूला लेख, पाककृती आणि महिन्याचं भविष्य. प्रांजलला भविष्य फार आवडायचं. एकदा तिने मोठ्या विश्वासाने सांगितलं, "बाबा, या महिन्यात तुला वाहनसुख आहे." त्याच आठवड्यात सुबोधची सायकल चोरीला गेली. पान सात वर्षांपूर्वीचं होतं.

आता मे महिन्यातली आठवड्याभराची सुट्टी संपत आली होती. सुबोधला रजा मिळाली नव्हती, म्हणून मायलेकीच आल्या होत्या. घाटकोपरच्या घरात पलंगाखाली देवगडची पेटी, खोलीभर आंब्याचा वास. रत्नप्रभाबाई सगळ्यांना आग्रहाने आमरस वाढत, स्वतःच्या ताटात मात्र घेत नसत. "माका उष्ण पडता," म्हणत.

शनिवारी सकाळी जिन्यात शेजारच्या विमलाकाकूंनी श्रुतिकाला थांबवलं.

"उष्ण कसला गं! नात मराठीतलं अख्खं पान वाचून दाखवेल तेव्हाच आंबा, असं गणपतीला बोलून बसल्यात त्या. चौथा मोसम हा. पोरीवर ओझं नको म्हणून तुला सांगायचं नव्हतं. मला राहवलं नाही."

प्रांजल वाचायची, पण फक्त श्रुतिकासमोर. मंगळवारी पाहुण्यांपुढे हातात पान दिलं, तर पोरगी ओठ घट्ट मिटून उभी राहिली होती. आणि आज रात्रीचं विमान होतं.

दुपारची जेवणं झाली. श्रुतिकाने भिंतीवरची दिनदर्शिका खिळ्यावरून उतरवली, मे महिना उलटला आणि लेकीसमोर ठेवला.

"आज शनिवार आहे," एवढंच म्हणाली.

"वहिनी, कशाला छळता तिला?" धाकटा दीर निलेश सोफ्यावरून हसला. "प्रांजल, मोबाइल देऊ का? तो झकास वाचून दाखवतो."

प्रांजलचे कान लाल झाले. तिने पानाचा मथळा पाहिला, मग काकाकडे पाहिलं.

"मोबाइलला कैरीचं लोणचं घालता येतं का?"

"आयला!" म्हणत निलेशने मोबाइल बाजूला ठेवला.

ती वाचू लागली. सुरुवातीला आवाज पंख्याखाली विरून जात होता. स्वयंपाकघरातली भांडी थांबली. रत्नप्रभाबाई ओले हात तसेच धरून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. कैऱ्या धुतल्या, कोरड्या पुसल्या, फोडींना मीठ-हळद लागली. मग मोहरी फेसायची होती. तिथे प्रांजल अडली.

"आजी, फेसायची म्हणजे?"

श्रुतिकाने तोंड उघडलं. सासूबाईंनी ओला हात वर केला.

"आधी पुरा कर बाय. मग सांगतंय."

प्रांजलने बोट पुढे सरकवलं. फोडणी झाली, गार झाली, बरणी भरली, बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं. निलेशने टाळीसाठी हात उचलले.

"थांब ना काका, भविष्य राहिलंय," ती म्हणाली. "आणि हे खरं असणार. या वर्षीचं आहे."

आता तिचा आवाज जिन्यापर्यंत जात होता. मीन राशीला येईपर्यंत निलेश सोफ्यावरून खाली उतरून मांडी घालून बसला होता आणि आपली रास पुन्हा वाचायला सांगत होता. तिने तीही वाचली. मग पान पालथं घातलं.

"संपलं."

रत्नप्रभाबाईंनी पदराला हात पुसले. नातीच्या तोंडावरून ते फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. मग पलंगाशी वाकून पेटी ओढली, गवत बाजूला केलं, देठाशी हुंगून हुंगून दोन आंबे निवडले. एक पिशवीत टाकला, दुसरा सुनेच्या हातात ठेवला.

"आता उष्ण नाही पडणार?" श्रुतिकाने हळूच विचारलं.

त्यांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "त्या विमलीच्या तोंडात तीळ भिजत नाय," म्हणाल्या, आणि दाराकडे वळल्या.

"आई, बाहेर ऊन किती! देऊळ चारला उघडतं."

"तवर पायरीवर बसेन." त्यांनी चपला पायात सरकवल्या. "पहिला त्याचा. तू तो पाण्यात घालून ठेव."