एका कपाचा हिशोब

“एका माणसाचा सांगा,” श्यामसुंदर म्हणाले. “गुणाकार मला येतो.”

दुकानातला ऋषी हसला. त्याने मशीनमध्ये कॅप्सूल टाकली, खाली इवलासा कप ठेवला, बटण दाबलं. घरघर झाली आणि फेसाळ कॉफी उतरली. “एक कॅप्सूल, एक कप, काका. पंचेचाळीस रुपये. दळणं नाही, गाळणं नाही. घरी किती जण आहात?”

“दोघं,” मंदाकिनीबाई म्हणाल्या.

आता हे या पोराची सालं काढणार, म्हणून त्या वाट बघत होत्या. पंचेचाळीस रुपयांत कपबशी पण देता का, असं काहीतरी. शनिवार पेठेतले दुकानदार त्यांना दुरून ओळखत, ते उगाच नाही.

पण श्यामसुंदर कपाकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “हे मला चालवता येईल?”

“लहान पोरही चालवेल, काका.”

“मी मला विचारलं.”

मशीन घेतलं. साडेअकरा हजार. घासाघीस नाही.

रिक्षात मंदाकिनीबाई पावतीवरचा आकडा पुन्हा पुन्हा वाचत होत्या.

बँकेच्या नोकरीत धारवाडला बदली झाली आणि श्यामसुंदरना फिल्टर कॉफीचं वेड लागलं. बिया रोज ताज्या दळायच्या, त्याही हाताच्या गिरणीवर. दळायच्या कोणी? बेचाळीस वर्षं, पहाटे साडेपाचला, गुडघ्यांत गिरणी धरून, बायकोने. मनगट गेलं. विजेची गिरणी घेऊ या, असं त्यांनी तीनदा म्हणून पाहिलं होतं. तिन्ही वेळा एकच उत्तर, “हात आहेत ना?”

तोच माणूस आता त्यांचं मनगट दुखतं म्हणून मशीन घेतो?

गणपती झाल्यापासून हे असंच चाललं होतं. जिना चढताना मंदाकिनीबाईंना धाप लागायची, बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या, म्हणून तपासण्या झाल्या. रिपोर्ट आणायला श्यामसुंदर एकटेच गेले. “सगळं नॉर्मल. अशक्तपणा,” म्हणाले आणि फाइल कपाटात ठेवून दिली. त्या दिवसापासून ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहू लागले.

“डाळीला शिट्ट्या किती?”

“तीन. का हो?”

“माहीत असावं.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. “डाळीला शिट्ट्या किती म्हणालीस?”

मग डब्यांवर चिठ्ठ्या आल्या. तूरडाळ. साखर. मीठ, खालचा कप्पा. गॅसच्या बटणाशीही एक: बंद केला का? फ्रिजवर दूधवाल्याचा नंबर, कामाच्या इंदुबाईंचा पगार, सगळं टपोऱ्या अक्षरात. कधीकधी दुपारी ते मधल्या खोलीत उभं राहून त्यांच्याकडे एकटक बघत, चेहरा पाठ करायला दिल्यासारखे.

मशीनवरही चिठ्ठी लागली. १. पाणी. २. कॅप्सूल. ३. बटण. ४. कप आधी ठेवणे.

रविवारी मुलगी आली, धायरीहून. हल्ली ती दर रविवारी यायची आणि भांडायची नाही. मंदाकिनीबाईंनी तिला गॅलरीत ओढलं.

“अवनी, बाबांना डॉक्टरांकडे न्यायला हवं.”

“काय झालं बाबांना?”

“विसरायला लागलेत गं. डब्यांवर चिठ्ठ्या बघितल्यास ना? एकच गोष्ट चार वेळा विचारतात. मशीन घेताना भाव केला नाही, बोल आता! हा माणूस माझं नाव विसरला ना, तर मी काय करू?”

अवनीने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. “बाबांना काहीही झालेलं नाही, आई.”

“तुला काय माहीत?”

“माहीत आहे.” ती रस्त्याकडे बघत होती. “बाबांच्या हातची कॉफी पी तू. आरामात.”

सोमवारी सकाळी श्यामसुंदरनी स्वतः दोन कप कॉफी केली. आयुष्यात पहिल्यांदा. मंदाकिनीबाईंचा कप आधी आणून दिला. गिरणी माळ्यावर गेली होती. घर इतकं शांत होतं की मशीन थांबल्यावर भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

“चव?” त्यांनी विचारलं.

“बरी आहे. पण महाग आहे हो. दोघांचे महिन्याला सत्तावीसशेच्या वर जातील.”

“बघितलंय मी. बसतंय.”

ते दूध आणायला खाली उतरले. टेबलावर त्यांची हिशोबाची डायरी उघडीच होती.

मंदाकिनीबाईंनी चष्मा लावला. पारखच करायची होती. डोकं जाऊ लागलं की आधी आकडे जातात, असं त्यांना वाटत होतं आणि या माणसाचा आकडा बँकेत कधी एका पैशाने चुकला नव्हता. घरखर्चही तो बँकेसारखाच लिहायचा. प्रत्येक रकमेपुढे कंसात खातेदार. चपला (स्वतः). गोळ्या (मंदा). त्यावरून त्यांनी आयुष्यभर चेष्टा केली होती.

कॅप्सूल, दर ४५. पुढच्या तीन महिन्यांचा अंदाज.

ऑक्टोबर, २७९० (स्वतः, मंदा). त्यांनी बोटांवर गुणाकार केला. एकतीस दिवस, दोन कप. बरोबर.

नोव्हेंबर, २७०० (स्वतः, मंदा). बरोबर.

डिसेंबर, १३९५.

चुकला! दोनाने गुणायचंच विसरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अवनी काही म्हणो, सुरुवात झाली होती. त्यांना कळायच्या आत आपणच दुरुस्त करावं म्हणून त्यांनी पेन्सिल उचलली आणि आकड्यापुढचा अंगठा बाजूला घेतला.

अंगठ्याखाली कंस होता. (स्वतः).