गुडघ्याची चौकशी

परीक्षा एकदाची संपली. अभ्यासिकेच्या पायरीवर बसून हर्षलानं दोन वर्षांत पहिल्यांदाच आईला स्वतः फोन लावला. एरवी तिचा अभ्यास मोडू नये म्हणून फोनमधला एआयच तिच्या आवाजात घरच्यांशी बोलायचा. आईला यातलं काही माहीत नव्हतं.

“आई, कशी आहेस?”

“बरी आहे. आज गुडघ्याचं नाही विचारलंस?”

गुडघ्याला काय झालं होतं, हे हर्षलाला ठाऊकच नव्हतं. “अगं, राहूनच गेलं,” ती म्हणाली.

“दमलेली वाटतेस. ठेव आता. उद्या रोजच्यासारखी निवांत बोल.”

“थांब ना, आई!”

हर्षलानं बोलणं पुन्हा फोनकडे सोपवलं. त्यानं तिच्याच आवाजात गुडघ्याची चौकशी केली, शेजारच्या काकूंची नक्कल केली. आई खळखळून हसली. हर्षला फोन कानाशी धरून ऐकत राहिली.