आम्हांबरोबर

मार्थाआजींनी ‘आम्हांबरोबर देव’ हे वचन लिहिलेली तसबीर भिंतीकडे तोंड करून टांगली. एकुलत्या लेकाला मातीआड करून आल्यापासून त्यांच्या पोटात अन्न नव्हतं. आता त्यांना जगायचंच नव्हतं.

शेजारची सलोमी झाकलेलं ताट घेऊन आत आली. नाताळच्या नाटकात देवदूत झालेल्या या पोरीने भर चर्चमध्ये खणखणीत आवाजात म्हटलं होतं, “इम्मानुएल, म्हणजे आम्हांबरोबर जेव.” सगळे हसले होते. रविवारच्या शाळेत आजी मात्र न रागावता शिकवत राहिल्या, “जेव नाही गं बाळा, देव.”

“आईने भाकरी दिलीय,” सलोमी म्हणाली.

“नको मला. तू खा.”

“मग मीपण उपाशी.”

“हट्ट करू नकोस. कुणी नाही आपल्याबरोबर. जा घरी.”

“आहे की. भिंतीवर लिहिलंय.” सलोमी स्टुलावर चढली. तिने तसबीर सरळ केली आणि अक्षरांवर बोट फिरवत नीट वाचलं, “आम्हांबरोबर जेव.”

आजींच्या ओठांवर नेहमीची दुरुस्ती आली. तोवर खाली उतरून सलोमीने भाकरीचा तुकडा त्यांच्यापुढे धरला होता.

“बरोबर वाचलंस,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी तोंड उघडलं.