पगडीचं दुसरं टोक

लंडनमधल्या साउथॉलच्या घरात तीरथने वारलेल्या बापाची केशरी पगडी पेटीतून काढली आणि एक टोक आईच्या हातात दिलं. “बीजी, बांधायचीय, घडी घालायला धर गं.” “आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!” म्हणत नछत्तर कौरने कापड ताणलं. नवरा होता तोवर रोज सकाळी तिनेच हे टोक धरलं होतं. पगडी उतरवत नाही म्हणून बसकंपनीने त्याला कामावरून काढलं, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. लेकाने मात्र कॉलेजातच केस कापले होते. “निवडणुकीचा फोटो काढायचाय. गुरुद्वारातली मतं हवीत ना! फोटो झाला की काढून ठेवतो.” तिच्या अंगाचा तिळपापड झाला. एका हिसड्यासरशी तिने सगळं कापड ओढून छातीशी धरलं, जमिनीला टेकू दिलं नाही. “तुझ्या बापाने हिच्यापायी नोकरी घालवली, मेल्या! जा, बोडक्या डोक्यानेच मतं माग. तेवढं तरी खरं दिसेल.”