दहा अठ्ठेचाळीसचा मुहूर्त

“दहा अठ्ठेचाळीस,” प्रबोध टिळेकर फोनवर पुन्हा म्हणाले. “त्याआधी अर्ज पाठवायचा नाही. मुहूर्त आहे.”

उन्मेषने फोन थोडा लांब धरला. पडद्यावर पुण्याच्या कारखान्यातली बाबांची केबिन दिसत होती. बाबांना खेटून त्यांचे भागीदार विश्वासकाका बसले होते. फोन त्यांचाच होता.

“बाबा, सारंगचं ऑफिस एकला बंद होतं. आज शनिवार.”

“मघाशी सांगितलंस ते. दहा अठ्ठेचाळीस.”

“ऐक रे म्हाताऱ्याचं,” विश्वासकाका हसले. “तीस वर्षं व्हॉल्व्ह नुसतेच विकले. आता नारळ फोडून विकू. सूनबाईंना सांग, तिकडचे पेढे चालणार नाहीत.”

फोन बंद झाला.

“पुण्याचे दहा अठ्ठेचाळीस म्हणजे आपले एक अठरा,” अनघा म्हणाली. “अडीच तास विसरलेत ते.”

ती नवऱ्याशेजारी सारंगच्या टेबलापाशी बसली होती. सिंगापूरच्या हार्बरफ्रंट भागातलं अकराव्या मजल्यावरचं ऑफिस. खाली फेरीबोटी सुटत होत्या. परदेशी कंपन्यांच्या शाखा इथे नोंदवून देणं हा सारंगचा धंदा. एकला कुलूप लावून तो मित्रांबरोबर सायकली घेऊन पुलाउ उबीन बेटावर निघणार होता. हेल्मेट टेबलावर तयार होतं.

“परत फोन लाव,” ती म्हणाली.

उन्मेषने बाबांच्या नंबरवर लावला. वाजून वाजून बंद झाला. विश्वासकाकांचाही कुणी उचलला नाही.

“नारळ शोधत असतील,” सारंग म्हणाला. “मी काय करू ते सांगा. कंपनीचं नाव आपण राखून ठेवलंय त्याची मुदत आज संपते. मी नसताना अर्ज जाणार नाही. सोमवारी सगळं पहिल्यापासून.”

सोमवार अनघाला परवडणार नव्हता. जहाजदुरुस्तीच्या एका यार्डाला त्यांचे व्हॉल्व्ह हवे होते, पण नोंदणी नसलेल्या कंपनीकडून यार्ड काही घेणार नव्हतं. सोमवारी सकाळी नोंदणीचा क्रमांक दाखवायचा, नाहीतर काम दुसऱ्याला. या कामामागे ती वर्षभर धावली होती. त्यासाठी गेल्या महिन्यात तिने नोकरी सोडली होती.

“बाबा आणि मुहूर्त,” उन्मेष म्हणाला. “आपल्या लग्नात भटजींना म्हणाले होते, आटपा, पंगत खोळंबलीय.”

“आई गेल्यापासून बदललेत.”

“इतके?”

भिंतीवरच्या घड्याळात बारा पस्तीस झाले होते.

बारा चाळीसला तिने पुन्हा फोन लावला. बारा पंचेचाळीसला उन्मेषने लावला.

“पाठव,” अनघा सारंगला म्हणाली.

“आणि बाबा?” उन्मेषने विचारलं.

“त्यांना एक अठराला सांगू, आत्ताच पाठवला म्हणून. त्यांचं समाधान, आपलं काम.”

“मी त्यांच्याशी कधी खोटं बोललो नाही.”

“मी बोलते. तू फक्त शेजारी उभा राहा आणि तोंड असं करू नकोस.”

सारंगने स्क्रीन तिच्याकडे वळवला. “अनघाताई, परत एकदा सांगतो, माझं कामच आहे ते. कंपनी पुण्याची, पण इथली अधिकृत प्रतिनिधी तुम्ही. मालात, कागदात काही निघालं, तर सरकार पुण्याला जात नाही. तुमच्या दाराची बेल वाजवतं.”

“सासऱ्यांची कंपनी आहे, सारंग.”

“म्हणूनच एकदाच सांगितलं. नाहीतर तीनदा सांगतो.”

तिने संमतीच्या चौकोनात खूण केली. बारा एक्कावन्नला अर्ज गेला. सारंग हेल्मेटचा पट्टा उगाच लावत-सोडत राहिला. उन्मेष खिडकीशी जाऊन आला. बारा अठ्ठावन्नला मेल आला. शाखा नोंदली गेली होती. क्रमांक होता. खाली ‘अधिकृत प्रतिनिधी’च्या पुढे अनघा उन्मेष टिळेकर.

अनघाने मेल तिथूनच यार्डाला पाठवून दिला.

“अभिनंदन,” सारंग म्हणाला. “आता माझी बोट चुकवू नका.”

एक दहाला दोघं खाली फूड कोर्टमध्ये कॉफी घेऊन बसले. अनघा सांगायचं वाक्य मनाशी घोळवत होती. तेवढ्यात उन्मेषचा फोन वाजला. या वेळी बाबांचा स्वतःचा नंबर होता. उन्मेषने स्पीकर लावला. मागून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

“किती वाजले तिकडे?” बाबांना धाप लागली होती.

“एक दहा.”

“सारंग गेला?”

“गेला. बाबा, ऐका ना—”

“आधी माझं ऐक. मी रस्त्यावर आलोय. आत बोलता येत नव्हतं, विश्वास सकाळपासून हलत नव्हता. तुमचे फोन दिसत होते, उचलणार कसे?” ते थांबले. “सकाळी टेस्टिंगचा भोसले गेटवर भेटला. आठ महिने आपलं टेस्टिंग मशीन बंद आहे, उन्मेष. एक व्हॉल्व्ह तपासलेला नाही. तपासणीचे सगळे दाखले विश्वासने टेबलाशी बसून लिहिलेत. तो चहाला गेला तेवढ्यात फाइल काढून घेतली. आता पोलिसांकडे चाललोय.”

अनघाने कप खाली ठेवला.

“अनघाला म्हणावं, रागावू नकोस, तुझी वर्षाची मेहनत मी आज घालवली,” बाबा म्हणाले. “तुमचे अडीच तास मी विसरेन होय? त्या कागदावर पोरीचं नाव लागू नये म्हणून आयुष्यात पहिल्यांदा पंचांग उघडलं मी.”