झडती

झांबेझीकाठच्या जंगलात संत्री न्यायला बंदी आहे, कारण त्यांच्या वासाने हत्ती थेट गाडीशी येतात. म्हाताऱ्या चेंजेराईला हे ठाऊक होतं. पण "या वयात एकटे जाऊ नका" म्हणणाऱ्या मुलांशी भांडून, मासे खाणारं घुबड बघायला तो स्वतः गाडी हाकत आला होता, आणि बायकोने दिलेली पिशवीभर संत्री फाटकावर देऊन टाकायला त्याचा जीव होईना. फाटकाच्या अलीकडेच गाडी थांबवून त्याने सगळी खाऊन टाकली.

"आजोबा, संत्री आहेत का?" पहारेकऱ्याने विचारलं.

"गाडीत एकही नाही! हवी तर झडती घे."

"तुमची कसली झडती घ्यायची, आजोबा? जा."

पोराला कसं गंडवलं, म्हणून चेंजेराई वाटभर मिशीतल्या मिशीत हसला.

दुपारी नदीकाठी काच खाली करून त्याने दुर्बीण लावली. समोरच्या झाडात घुबड दिसलं, आणि त्याच क्षणी खिडकीतून एक सोंड आत आली.

"एकही नाही रे बाबा," तो कसाबसा पुटपुटला.



पहारेकऱ्याने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. हत्तीने झडती घेतली, आणि सुरुवात मिशीपासून केली.