हुशारीची गोळी

“हे सांगून कुणाला पटायचं नाही,” डोकं तल्लख करणाऱ्या नव्या गोळीच्या चाचणी केंद्रातला म्हातारा शिपाई भिकोबा म्हणाला, “पण मागच्या खेपेला जुवेकरांच्या नंदूनं ही गोळी घेतली आणि तीन दिवसांत अख्खा शब्दकोश पाठ केला. झोप नाही, जेवण नाही. आज मोठा साहेब आहे, सरकारी बंगल्यात राहतो गडी.”

बाकावरची मंडळी हसली. स्पर्धा परीक्षेत चौथ्यांदा आपटलेली सुनेत्रा तेवढी हसली नाही. पुढच्या वर्षी तिचं वय उलटणार होतं. बाकीचे संमतीपत्र वाचत बसले. तिनं न वाचताच सही ठोकली आणि नर्सनं पुढे केलेली गोळी पाण्याच्या एका घोटात गिळून टाकली.

“शाब्बास, पोरी,” भिकोबा म्हणाला.

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडलेली एक बाई दारातच थबकली होती.

“खोटं कशाला बोलता, मामा? नंदूची आई मी. घरी बसून सदऱ्याची बटणं तोडतो, पुन्हा शिवतो, पुन्हा तोडतो. बोटं सोलली तरी हात थांबत नाही. यालाच तुमच्या डॉक्टरांनी एकाग्रता दहापैकी दहा लिहिलंय.”